बीफवरचा शिक्का नेमका कोणासाठी?

मागच्या महिन्यात शनिवारी दुपारी भाचीचा फोन आला. पोरगी एमएस करायला शिकागोत आलीय. रूमवर तीन मुली, स्वयंपाकाची पाळी तिची.

"मामा, दुकानात उभी आहे. इथं बीफचे वीसेक प्रकार मांडलेत. चक, राउंड, सर्लोइन, ब्रिस्केट. कशावर प्राइम लिहिलंय, कशावर चॉइस, कशावर अँगस. मला नुसतं मोठ्याचं कालवण करायचंय. कुठलं घेऊ?"

म्हटलं, "चक घे. हाडासकट मिळालं तर उत्तम."

"पण प्राइम म्हणजे जास्त चांगलं ना? ते घेऊ का? दुप्पट भाव आहे."

मी "नको" म्हणालो, पण का नको ते फोनवर धड सांगता येईना. संध्याकाळपर्यंत तो प्रश्न डोक्यात राहिला. वीसेक वर्षं झाली या देशात, दर आठवड्याला हा माल घेतोय, आणि त्याच्यावरचा शिक्का कोणी, कधी, कशासाठी मारला हे कुणाला नीट सांगितलेलंच नाही. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना हा विषय चालत नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, राग नाही.

आधी आपल्याकडचं थोडं सांगतो, म्हणजे फरक कळेल. नांदेडला माझ्या लहानपणी वडील रविवारी सकाळी पिशवी घेऊन निघायचे. दुकानदार एकच विचारायचा, "किती?" फार तर "हाडाचं का बिगर हाडाचं?" कुठल्या भागाचं हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. तेव्हा मिळायचं ते बहुतेक थकलेल्या बैलाचं. दहा-बारा वर्षं नांगर आणि गाडी ओढलेलं जनावर. त्याच्या खांद्याचं काय आणि मांडीचं काय, सगळंच चिवट. आई ते चुलीवर दोन-तीन तास शिजत ठेवायची, आणि उरलं तर आजी पट्ट्या कापून, मीठ लावून दोरीवर वाळत घालायची. त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या सगळ्या स्वयंपाकाची नोंद केलीय, ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. मुद्दा एवढाच, की आमच्या घरात मांसाची प्रत ही चुलीवर ठरायची, दुकानात नाही. मुंबई-पुण्यात हॉटेलवाले 'अंडरकट' वेगळा मागायचे, जास्त पैसे देऊन. तो कमरेच्या आतला मऊ भाग. बाकी मालाला नाव नव्हतं.

इथं आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात फजिती झाली. 'राउंड स्टेक' नावाचं पाकीट स्वस्त दिसलं. स्टेक म्हणजे तव्यावर परतायचं, एवढं ज्ञान होतं. चार मित्रांना जेवायला बोलावलं. प्रत्येकाने पहिला घास चघळला, चघळतच राहिला. एकाने शेवटी गुपचूप कागदी रुमालात गुंडाळून टाकला, मला दिसलं. दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. स्टेक हे कापाचं नाव आहे, आडवा जाड काप म्हणजे स्टेक. तो मऊ असेलच असं त्या शब्दात कुठं लिहिलेलं नाही. राउंड म्हणजे मागची मांडी. दिवसभर चालून चालून घट्ट झालेला स्नायू.

बीफच्या सगळ्या नावांच्या मुळाशी ही एकच गोष्ट आहे बघा. जनावर ज्या स्नायूंनी चालतं, मान हलवतं, वजन पेलतं ते कडक. जे नुसते पाठीवर पडून असतात ते मऊ. पुढचा खांदा म्हणजे चक, छाती म्हणजे ब्रिस्केट, नडगी म्हणजे शँक, मागची मांडी म्हणजे राउंड. हे कष्टकरी भाग. पाठीच्या फासळ्यांचा रिब आणि कमरेचा लॉइन, हे आरामात बसणारे. आणि हा आरामातला माल सबंध जनावराचा साधारण चौथा हिस्सा. म्हणून महाग. त्यातही लॉइनच्या आतल्या बाजूला जो टेंडरलॉइन असतो, म्हणजे आपला अंडरकट, तो जेमतेम काही किलो.

पण कष्टकरी भागात एक गंमत आहे. त्यात कोलॅजन भरपूर असतं, आणि ते मंद आचेवर दोन-तीन तास शिजलं की विरघळून त्याचा चिकट, दाट रस्सा होतो. मऊ भागात ते कमी असतं. त्यामुळे दुप्पट भावाचा रिबचा तुकडा कालवणात टाकला तर तो कोरडा आणि भुसभुशीत होणार, आणि निम्म्या भावाचा चक चमच्याने तुटणार. भाचीला "नको" म्हणालो ते यासाठी.

आता नावांचा घोळ. एकेकाळी अमेरिकेत दर शहराची, दर कसायाची वेगळी नावं होती. एकच तुकडा न्यूयॉर्कमध्ये एका नावाने, कॅन्सस सिटीत दुसऱ्या. १९७३ मध्ये मांस उद्योगाच्या मंडळाने सगळ्यांची मोजदाद केली तेव्हा हजाराहून जास्त नावं निघाली. ती छाटून तीनशेच्या आसपास आणली, आणि पाकिटावर जनावर कुठलं, भाग कुठला, काप कुठला या क्रमाने लिहायची पद्धत सुरू झाली. म्हणजे 'बीफ चक ब्लेड रोस्ट'. हा क्रम एकदा डोक्यात बसला की अर्धी लढाई जिंकली. मधला शब्द वाचायचा, बाकी सजावट.

पण हे अमेरिकेपुरतं. लंडनला माझा एक वर्गमित्र असतो. तो 'सर्लोइन' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर जो तुकडा असतो त्याला इथं 'स्ट्रिप' म्हणतात. आणि इथलं सर्लोइन म्हणजे त्याच्याकडचं 'रम्प'. राउंडचे तिकडे टॉपसाइड आणि सिल्व्हरसाइड होतात. ऑस्ट्रेलियात रिबआयला स्कॉच फिलेट. एकाच गायीला तीन देशांत तीन वेगळे नकाशे. रेसिपी बघून खरेदी करणार असाल तर आधी रेसिपीवाला कुठल्या देशातला आहे ते बघा.

नावांचं झालं. आता शिक्क्याकडे येऊ, खरी गोष्ट तिथं आहे.

शिकागोच्या दक्षिण भागात १८६५ च्या ख्रिसमसला युनियन स्टॉक यार्ड्स नावाचा जनावरांचा प्रचंड बाजार उघडला. नऊ रेल्वे कंपन्या आणि काही मांस व्यापारी एकत्र येऊन, दलदलीची जमीन भरून. पश्चिमेच्या माळरानांवरून जनावरं गाड्या भरभरून यायची आणि इथून जिवंतच पूर्वेकडच्या शहरांना जायची. न्यूयॉर्कचा, बोस्टनचा कसाई ती आपल्या गावात कापायचा. गिऱ्हाइकाला कसाई माहीत, कसायाला जनावर माहीत. आमच्या नांदेडसारखंच म्हणा ना.

गुस्ताव्हस स्विफ्ट नावाच्या माणसाने हे मोडलं. त्याचं गणित साधं होतं. जिवंत जनावराचं चाळीसेक टक्के वजन हे खायच्या कामाचंच नाही. कातडं, आतडी, खूर. मग त्याचं रेल्वेचं भाडं का भरायचं? वाटेत चारा घालायचा, काही मरायची, बाकीची रोडावायची. शिकागोतच कापून नुसतं मांस का पाठवू नये? १८७८ च्या सुमाराला त्याने अँड्र्यू चेस या इंजिनिअरकडून बर्फाचा डबा बनवून घेतला. बर्फ वरच्या बाजूला, गार हवा खाली उतरणार, मांस ताजं राहणार. मोठ्या रेल्वे कंपन्यांनी तो ओढायला नकार दिला, कारण त्यांचे पैसे जिवंत जनावरांच्या डब्यांत आणि गोठ्यांत अडकले होते. तेव्हा त्याने कॅनडातून वळसा घालून जाणारी ग्रँड ट्रंक रेल्वे गाठली.

पुढच्या दहा वर्षांत पूर्वेकडच्या गावोगावच्या कसायांचं कंबरडं मोडलं. शिकागोचं मांस स्वस्त पडायचं. कसाई काही गप्प बसले नाहीत. १८८६ मध्ये त्यांनी राष्ट्रीय संघटना काढली. प्रचार सुरू केला की आठवड्यापूर्वी मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका. काही राज्यांनी कायदे केले. मिनेसोटाने सांगितलं की जनावर कापण्याच्या आधीच्या चोवीस तासांत आमच्याच राज्यातल्या निरीक्षकाने ते जिवंत तपासलं पाहिजे. म्हणजे बाहेरचं मांस आपोआप बंद. वर नाव आरोग्याचं, आतून धंद्याचं. १८९० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला. मिनेसोटा विरुद्ध बार्बर, खटला प्रसिद्ध आहे. त्या दिवशी कायद्याने मान्य झालं की तुमच्या ताटातलं जनावर तुमच्या गावातल्या कुणीही पाहिलेलं नसलं तरी चालेल.

मग कोणी पाहायचं? सरकारने. पण सरकारने पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या लोकांसाठी नाही. युरोपातले देश १८८० च्या दशकात अमेरिकन डुकराचं मांस रोगट म्हणून अडवत होते. म्हणून १८९०-९१ मध्ये तपासणीचे कायदे आले, आणि त्यांचा मुख्य रोख निर्यात वाचवण्यावर होता. परदेशी गिऱ्हाइकाला दाखला आधी, घरच्याला नंतर. (हे वाचून तुम्हाला आपला हापूस आठवला असेल तर माझा दोष नाही.)

घरच्यांचा नंबर लागायला अजून पंधरा वर्षं आणि दोन गदारोळ लागले. पहिला १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात. सैनिकांना पाठवलेल्या डबाबंद आणि गार केलेल्या बीफबद्दल जनरल नेल्सन माइल्स यांनी जाहीर आरोप केला की ते रसायनं घालून टिकवलेलं आहे. चौकशी बसली, आरोप काही तसा सिद्ध झाला नाही, पण लोकांच्या मनात किल्मिष बसलं ते बसलंच. दुसरा गदारोळ अप्टन सिंक्लेअर यांच्या 'द जंगल' या कादंबरीचा. १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकात ती क्रमशः आली, १९०६ च्या फेब्रुवारीत पुस्तक झालं. सिंक्लेअर यांना सांगायची होती ती लिथुआनियाहून आलेल्या मजूर कुटुंबाची गोष्ट. थंडीत, रक्तात उभं राहून काम, अपघात, उपासमार. वाचकांनी मजूर बाजूला ठेवले आणि सॉसेजमध्ये काय पडतं तेवढंच वाचलं. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दोन माणसं चौकशीला पाठवली. त्यांचाही अहवाल घाणीचाच आला. ३० जून १९०६ ला मांस तपासणीचा कायदा सहीनिशी मंजूर.

या कायद्याची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सिनेटर बेव्हरिज यांचा मूळ मसुदा असा होता की तपासणीचा खर्च कंपन्यांनी द्यावा आणि डब्यावर माल भरल्याची तारीख छापावी. कंपन्यांनी दोन्ही कलमं उडवून लावली. खर्च सरकारी तिजोरीवर गेला, वर्षाला ३० लाख डॉलर, आणि तारीख गायब. म्हणजे ज्या कायद्याला आपण कंपन्यांना लावलेली वेसण समजतो, त्याच्यातून त्यांना जनतेच्या पैशाने सरकारी खात्रीचा दाखला मिळाला. अर्थात हेही खरं, की तेव्हापासून रोगी जनावर बाजूला काढायला सरकारी माणूस कत्तलखान्यात हजर असतो. आजही. तो गोल शिक्का. तो सक्तीचा आहे, सगळ्या मालावर असतो, आणि तो सांगतो फक्त एवढंच की हे खाण्यायोग्य आहे. चांगलं आहे असं तो म्हणत नाही.

चांगलं आहे हे सांगणारा दुसरा शिक्का. ढालीच्या आकाराचा. प्राइम, चॉइस, सिलेक्ट. गंमत म्हणजे तो ऐच्छिक आहे, आणि त्याचे पैसे कंपनी भरते. हा आला कुठून?

१९१६ मध्ये कृषी खात्याने बाजारभाव कळवण्यासाठी प्रतवारीचे कच्चे निकष तयार केले. नुसतं "बीफ अमुक भाव" म्हणून काही कळत नाही, कुठल्या प्रतीचं ते सांगावं लागतं, म्हणून. व्यापाऱ्यांच्या सोयीची गोष्ट. पुढे १९२० च्या दशकात शेतमालाची मंदी आली तेव्हा उत्तम जातीची जनावरं पाळणारे, मका चारून ती लठ्ठ करणारे बडे पशुपालक अस्वस्थ झाले. त्यांच्या मालात आणि माळावरच्या गवतावर वाढलेल्या मालात गिऱ्हाईक फरकच करेना. 'ब्रीडर्स गॅझेट' चे संपादक अॅल्विन सँडर्स यांनी सरकारी शिक्क्यासाठी मोहीम उघडली. १९२६ मध्ये निकष अधिकृत झाले, १९२७ च्या मे महिन्यात प्रत्यक्ष शिक्का मारायला सुरुवात झाली.

निकष काय? जनावराचं वय कोवळं हवं, आणि मांसात चरबीच्या बारीक रेषा हव्यात. संगमरवरावर असतात तशा. त्याला मार्बलिंग म्हणतात. बाराव्या आणि तेराव्या फासळीच्या मध्ये काप घेऊन तपासनीस त्या रेषा बघतो. (आता बऱ्याच ठिकाणी कॅमेरा बघतो.) या रेषा येतात कशाने? मका चारल्याने. म्हणजे कोणाच्या मालाला उत्तम म्हणायचं हे ज्यांनी ठरवून घेतलं, त्यांचाच माल उत्तम ठरला. चरबीने चव येते यात खोटं काही नाही, मार्बलिंगवालं मांस रसाळ लागतं, मीही खाल्लंय. पण 'प्रत' हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं ती निसर्गाने ठरवली. ती एका खोलीत बसून, एका धंद्याच्या अडचणीच्या काळात ठरली.

त्याच वर्षी, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या परिषदेत बाबासाहेब आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगत होते. माझी आजी तेव्हा लहान होती. तिच्या घरी ते बंद झालं ते त्यानंतर, हे ती शेवटपर्यंत सांगायची. तिच्या दृष्टीने मांसाची प्रत हा मार्बलिंगचा प्रश्न नव्हता. जनावर कापलेलं की मेलेलं, विकत आणलेलं की वाट्याला आलेलं, एवढीच प्रतवारी, आणि तिच्यावर माणसाची प्रत ठरायची. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध मांडलाय तो याच अंगाने. त्यामुळे कुणी मला प्राइम आणि चॉइस समजावून सांगायला लागलं की मला आधी आजी आठवते. असो.

पुढचा इतिहास शब्दांच्या खेळाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात भावनियंत्रण आलं, तेव्हा प्रतवारी सक्तीची झाली, कारण कुठली प्रत हे ठरल्याशिवाय कमाल भाव ठरवणार कसा? लोकांना शिक्का बघायची सवय लागली ती तेव्हा. युद्ध संपलं, सक्ती गेली, सवय राहिली. मग १९५० मध्ये काय केलं बघा. जुनं प्राइम आणि जुनं चॉइस एकत्र करून दोन्हीला प्राइम म्हटलं. आणि त्याखाली जी 'गुड' नावाची प्रत होती तिला चॉइस म्हणायला लागले. एका रात्रीत माल तोच, नाव वरचं. पुढे १९६५ आणि १९७६ मध्ये निकष पुन्हा सैल केले. १९८७ मध्ये उरलेल्या 'गुड' चं नाव 'सिलेक्ट' झालं, कारण आता लोक कमी चरबीचं मागत होते आणि 'गुड' हे नाव तिसऱ्या नंबरचं वाटायचं. ती मागणी तर एका ग्राहक संघटनेनेच केली होती. म्हणजे माझी भाची ज्या पाकिटावर 'चॉइस' वाचत होती, तिच्या पणजीच्या काळात त्याला 'गुड' म्हटलं असतं.

एकूण प्रती आठ आहेत, हे दुकानात कळत नाही. सिलेक्टच्या खाली स्टँडर्ड, कमर्शियल, युटिलिटी, कटर, कॅनर. ही नावं पाकिटावर कधी दिसायची नाहीत. दूध आटलेल्या म्हाताऱ्या गायी यात येतात, आणि त्यांचा बराचसा खिमा होऊन बर्गरमध्ये जातो. आमचा नांदेडचा थकलेला बैल इथं असता तर असाच तळाला बसला असता. आणि त्याची आई करायची तशी आमटी कुठल्याही प्राइमची होणार नाही, हे मी शपथेवर सांगतो.

'अँगस' हा शिक्का मुळात प्रतवारीचा नाहीच. १९७८ मध्ये अँगस पाळणाऱ्यांच्या संघटनेने स्वतःचा ब्रँड काढला, त्याला अटी आहेत, मार्बलिंगचीही आहे. पण जनावर ओळखायची पहिली अट म्हणजे कातडं निम्म्याहून जास्त काळं हवं. वंशावळ कुणी बघत नाही. आणि त्या ब्रँडचं पूर्ण नाव न लिहिता नुसतं 'अँगस' लिहिलेलं असेल, तर त्याच्या शेजारी ढालीचा शिक्का आहे का ते बघा.

या सगळ्यामागे धंदा कोणाच्या हातात होता? १९१९ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनच्या अहवालाने पाच कंपन्यांवर बोट ठेवलं. बाजार यांचा, गाड्या यांच्या, गोदामं यांची, भाव ठरवणारेही हेच. १९२० मध्ये सरकारशी तडजोड झाली, कंपन्यांनी जनावरांच्या बाजारांतून अंग काढून घ्यायचं कबूल केलं. १९२१ मध्ये पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा आला. काही दशकं पकड ढिली झाली. मग १९६७ मध्ये आयबीपी या कंपनीने अख्खं धूड पाठवण्याऐवजी कारखान्यातच तुकडे करून, प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून, खोक्यात भरून पाठवायला सुरुवात केली. स्विफ्टने गावचा कसाई संपवला होता, खोक्याने सुपरमार्केटमधला उरलासुरला कसाईही संपवला. कारखाने शहरांतून आणि युनियनच्या टापूतून उठून आयोवा, नेब्रास्का, कॅन्ससच्या छोट्या गावांत गेले. शिकागोचा बाजार १९७१ मध्ये बंद पडला. आज लठ्ठ केलेल्या जनावरांपैकी सुमारे ८५ टक्के चार कंपन्या कापतात. टायसन, जेबीएस, कारगिल, नॅशनल बीफ. १९१९ मध्ये पाच होत्या.

आणि सिंक्लेअर यांचे मजूर? २०२० च्या एप्रिलमध्ये कोविड या कारखान्यांतून वणव्यासारखा पसरत होता, हजारो कामगार आजारी होते. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला, मांसाचे कारखाने चालूच राहिले पाहिजेत. त्या आठवड्यात आमच्या दुकानात माणशी दोन पाकिटांची मर्यादा होती आणि लोक त्यावर भांडत होते. मीही दोन घेतली होती.

युरोपने दुसरा रस्ता धरला, तोही ठेच लागल्यावरच. १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने मान्य केलं की गायींच्या वेडाच्या रोगाचा माणसांच्या मेंदूच्या आजाराशी संबंध असू शकतो. त्यानंतर तिकडे प्रत्येक जनावराला पासपोर्ट, आणि पाकिटावर जनावर कुठं जन्मलं, कुठं वाढलं, कुठं कापलं हे लिहिणं सक्तीचं. तिकडची प्रतवारी शेतकऱ्याला पैसे किती द्यायचे यासाठी, गिऱ्हाइकाला ती दिसतही नाही. इथं उलटं. चरबी किती ते ठळक, आणि जनावर कुठलं ते विचारू नका. तसा कायदा इथंही झाला होता, कॅनडा आणि मेक्सिकोने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये बीफ आणि डुकराच्या मांसापुरता तो रद्द झाला. त्यानंतर कित्येक वर्षं बाहेरून आलेलं मांस इथं नुसतं प्रक्रिया करून, नव्याने पॅक करून त्यावर 'प्रॉडक्ट ऑफ यूएसए' छापता येत होतं. २०२४ मध्ये नियम बदलला. जानेवारी २०२६ पासून जन्म, वाढ, कत्तल, प्रक्रिया सगळं इथलं असेल तरच ते शब्द वापरता येतात. न छापण्याची मुभा आहेच.

२०१५ वरून आठवलं. त्याच वर्षी महाराष्ट्रात गायीच्या जोडीला बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचं तेवढं राहिलं. आमच्या नांदेडच्या दुकानदाराने तेव्हा पाटीच काढून टाकली. माल कायदेशीर होता, तरी. इथं शिक्का वाचून माझे डोळे दुखतात आणि तिकडे काळ्या पिशवीवर काही लिहिलेलंच नसतं. दोन्हीकडे आत काय आहे ते गिऱ्हाइकाने विश्वासावरच घ्यायचं.

भाचीला शेवटी जे सांगितलं ते इथंही लिहितो, परदेशात नव्याने गेलेल्या पोरांना उपयोगी पडेल. कालवणाला चक किंवा शँक, प्रत बघूच नका, सिलेक्ट चालेल. शँकमध्ये नळी मिळते, वेगळे पैसे न देता. तव्यावर पटकन करायचं तर पैसे प्रतीवर घाला आणि भाग पाठीचा घ्या. परवडत नसेल तर 'फ्लॅट आयर्न' मागा. तो खांद्यातलाच एक तुकडा, जाड शीर मधून काढून टाकली की जवळजवळ अंडरकटइतका मऊ. वर्षानुवर्षं तो खिम्यात जायचा. नेब्रास्का आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या लोकांनी जनावराचा एकेक स्नायू तपासला तेव्हा, म्हणजे २००० नंतर, तो सापडला. राउंड घेतलंत तर पातळ कापा किंवा खिमा करा, मित्रांना बोलावून स्टेक करू नका. खिम्यावर ८०/२० असतं त्यातले वीस म्हणजे चरबी. आणि खिमा आतून कच्चा ठेवू नका, १९९३ मध्ये एका फास्ट फूड साखळीच्या अर्धवट शिजलेल्या बर्गरने चार मुलं गेली, त्यानंतर शिजवण्याच्या सूचना पाकिटावर आल्या. ७१ अंशापर्यंत जाऊ द्या. रंगावर जाऊ नका, आत करडं दिसलं म्हणजे शिळं असं नाही, हवा न लागलेलं असतं.

मागच्या रविवारी तिला घेऊन स्टॉक यार्डच्या जागी गेलो. बघायला फार काही नाही. गोदामं, ट्रक, आणि मधोमध चुनखडी दगडाची एक जुनी कमान. कमानीवर बैलाचं दगडी मुंडकं कोरलंय. मागे १९१० च्या आगीत इथं मेलेल्या एकवीस अग्निशामकांचं स्मारक आहे. मजुरांचं म्हणावं असं तिथं मला काही दिसलं नाही. भाची कमानीखाली उभी राहून फोटो काढत होती. म्हणाली, "मामा, याच्यावर पण शिक्का आहे का रे कुठला?"

येताना डेव्हन अॅव्हेन्यूला थांबलो. तिथं हलालच्या दुकानात हैदराबादचे एक चाचा असतात, ते अजून समोर करवतीने कापून देतात. ढालीचा शिक्का वगैरे त्यांच्या काचेवर नाही. त्यांनी भाचीला विचारलं, "काय करणार बेटा?" ती म्हणाली कालवण. त्यांनी काचेतलं न देता आतून शँक आणला, नळी मोठी बघून. तीन तास मंद आचेवर ठेवला होता.